लोंबणारा दिवा आणि 'डँगल'

इंग्रजीत 'हँग' म्हणजे टांगणे किंवा टांगलेले असणे. 'डँगल' या क्रियापदात आणखी एक अट आहे : वरचे टोक बांधलेले, खालचे मोकळे. भिंतीला टेकलेली तसबीर 'हँग्ज'. वायरीला लोंबणारा दिवा 'डँगल्स'. ओट्यावर पाय सोडून बसलात, तर तुमचे पायही 'डँगल' करतात.

या मोकळ्या टोकातच विज्ञान आहे. जमीन हादरली की छत हलते. दिवा जडत्वामुळे मागे राहू पाहतो आणि झुलू लागतो. भूकंपमापकाचे मूळ तत्त्व हेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आमच्या निलंगा तालुक्यानेही सोसला आहे. म्हणून सांगतो, वारा नसताना दिवा झुलू लागला, तर घरातल्या सर्वांना लगेच सावध करा.