मामांचा पिकअप आणि माझी परीक्षा

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण दुसऱ्या दिवसापासून मेकॅनिक होतो. मिक्सर बिघडला, बोलवा त्याला. पंखा आवाज करतो, विचारा त्याला. ते इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम आहे हे कोणी ऐकूनच घेत नाही! पण डिसेंबर 2025 मध्ये, सेमिस्टरची परीक्षा संपल्या संपल्या, लालबागच्या मामांनी विचारलेला प्रश्न मात्र खरोखर आपल्या विषयातला होता. "नवा डिझेल पिकअप घेतोय. बरोबर ना रे?"

मामांचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे, मागे डंक. मार्च ते मे म्हणजे त्यांचा सीझन, कारण अर्ध्या गिरणगावाचा वर्षाचा मसाला तेव्हाच कुटला जातो. जुना टेम्पो दमला होता आणि सीझनच्या आत नवी गाडी हवी होती. मामा टोकनचे दहा हजार भरूनही आले होते. म्हणजे त्यांना माझ्याकडून फक्त "हो" ऐकायचं होतं. आणि "नाही" म्हणणं मला सोपं नव्हतं, कारण माझी पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेलचे पैसे मामांनीच भरलेले आहेत.

मी आठ दिवस मागून घेतले आणि आय. सी. इंजिन शिकवणाऱ्या सरांकडे गेलो. सरांनी गाडीचं नावसुद्धा विचारलं नाही. "रोज किती किलोमीटर, किती वेगाने, किती वजन घेऊन? हे माहीत नसेल तर सल्ला देऊ नकोस," एवढंच म्हणाले. ड्यूटी सायकल हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. तो कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डिझेलची बाजू

मामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, जुनं होतं. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की इंधन स्पार्कशिवाय पेटतं. कॉम्प्रेशन रेशो मोठा, म्हणून कार्यक्षमता जास्त. कमी आरपीएमला टॉर्क चांगला, म्हणून भरलेली गाडी चढावर रडत नाही. शिवाय मामांनी धंदा सुरू केला तेव्हा डिझेलचा भाव सरकार ठरवत असे आणि 2012 च्या सुमारास पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि तो फरक पुढे बराच आटला. मामांच्या डोक्यातला हिशेब मात्र तिथेच राहिला.

2020 मध्ये काय बदललं?

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 नियम लागू झाले. बीएस-5 ही पायरी आपण गाळलीच. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण 50 पीपीएमवरून 10 वर आलं. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरला 0.025 ग्रॅमवरून 0.0045 वर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची 0.25 वरून 0.08 वर. मालवाहू गाड्यांचे आकडे वेगळे आहेत, पण दिशा तीच.

एवढी घट नुसतं इंजिन सुधारून होत नाही. म्हणून आधुनिक डिझेल गाडीच्या पोटाखाली एक छोटा केमिकल प्लांटच बसवलेला असतो. नायट्रोजन ऑक्साइडसाठी कॅटॅलिस्ट असतो आणि काही गाड्यांत त्याला 32.5 टक्के युरियाचं द्रावण पाजावं लागतं. काजळीसाठी डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. मामांच्या प्रश्नाचं उत्तर या फिल्टरमध्ये होतं.

डीपीएफ दिसायला मधाच्या पोळ्यासारखा. शेजारशेजारच्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. ती साठली की जाळायची, यालाच रीजनरेशन म्हणतात. कॅटॅलिस्टच्या मदतीने नायट्रोजन डायऑक्साइड ही काजळी 250 ते 400 अंश सेल्सिअसला हळूहळू जाळू शकतो. तेवढ्याने भागलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात थोडं डिझेल उशिरा सोडून फिल्टरचं तापमान 600 अंशांच्या आसपास नेतो. हे काम पुरं व्हायला साधारण 15-20 मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी धावावी लागते.

गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असेल तर एक्झॉस्टचं तापमान शे-दीडशे अंशांच्या आसपास घुटमळतं. रीजनरेशन सुरू झालं आणि तुम्ही मधेच इंजिन बंद केलंत, तर ते अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते! मग डॅशबोर्डवर दिवा, मग इंजिनाची ताकद कमी, मग वर्कशॉप.

मामांना हे सांगताना ग्राफ काढला, त्यांनी पाहिलाही नाही. शेवटी त्यांच्याच दुकानातली मसाल्याची चाळण उचलली. "मामा, ही भरली की तुम्ही आपटता. गाडीतली चाळण आपटता येत नाही, जाळावी लागते. आणि जाळायची तर गाडी पळवावी लागते." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लालबागला कुठे पळवू?"

सहा दिवस केबिनमध्ये

मी सोमवार ते शनिवार जुन्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी वही आणि मोबाइलचं जीपीएस घेऊन बसलो. पाच दिवस लालबाग, परळ, भोईवाडा, दादर, मग खाली गिरगावात ठाकूरद्वारपर्यंत किराणा दुकानांना माल. रोज सरासरी 28 किलोमीटर आणि इंजिन साडेतीन तास चालू. म्हणजे ताशी 8 किलोमीटर! सप्टेंबर 2025 मध्ये प्रभादेवीचा पूल पाडकामासाठी बंद झाला होता, त्यामुळे टिळक ब्रिज आणि करी रोडवर तर आम्ही चक्क डबे खाल्ले. पाच दिवसांत ताशी 40 च्या वर सलग धावलो ती जास्तीत जास्त 3 मिनिटं, सकाळी लालबागच्या फ्लायओव्हरवर.

सहाव्या दिवशी वाशीचं मसाला मार्केट, जाऊन-येऊन 52 किलोमीटर. तिथेही सलग वेग मिळाला 11 मिनिटं, खाडीपुलाच्या आसपास. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवससुद्धा रीजनरेशनला कमी पडत होता.

दुसरी गोष्ट वजनाची. मामांना दीड टनी पिकअप हवा होता, कारण "मिरचीची पोती मावत नाहीत". वाशीला काट्यावर वजन केलं. हौदा शिगोशीग भरलेला, आणि माल 640 किलो! ब्याडगी मिरची म्हणजे जागा खाणारा आणि वजन नसणारा माल. दीड टनाची ताकद विकत घेऊन मामा वर्षभर हवाच वाहून नेणार होते.

गाडी तीच, धनी वेगळा

याच आठवड्यात दादरच्या फुलमार्केटमध्ये मामांचे एक ओळखीचे भेटले. ते रात्री जुन्नरकडून झेंडू, शेवंती भरून निघतात आणि पहाटे दादरला पोचतात. मामा घेणार होते तशीच, बीएस-6 डिझेल गाडी त्यांच्याकडे आहे. "दिवा?" ते म्हणाले, "कधी लागलाच नाही." लागणार कसा? रोज तासन् तास घाट आणि हायवे. त्यांचा फिल्टर झोपेत साफ होतो. त्यांच्यासाठी डिझेल पिकअप हाच बरोबर निर्णय आहे.

उलट परळच्या एका मंडपवाल्यांचा पिकअप तीनदा वर्कशॉपला जाऊन आला होता. त्यांचं काम गल्लीतल्या गल्लीत, इंजिन चालू ठेवून बांबू उतरवायचे. त्यांना कोणीतरी उपाय सांगितला होता, "फिल्टर आतून पोकळ करून टाका, सॉफ्टवेअर बदला, कटकट संपली." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "असं होतं का रे?"

होतं. पण ते बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या गल्लीत गाडी उभी राहते तिथेच ती काजळी सोडते. मामांच्या चाळीत तळमजल्यावर एक सात वर्षांची मुलगी आहे, तिला दमा आहे. तिचा पंप कुठल्या कपाटात असतो हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. टेम्पो तिच्या खिडकीखालीच लागतो. मी फक्त एवढंच म्हटलं, "मामा, खिडकी कुणाची आहे?" तो विषय तिथेच संपला.

पैशांचा हिशेब

आता कागद-पेन घ्या. आठवड्याला पाच दिवसांचे 140 आणि वाशीचे 52, मिळून 192 किलोमीटर. वर्षाला साधारण 10,000. हिशेबासाठी डिझेल लिटरला 90 रुपये आणि सीएनजी किलोला 80 रुपये धरले. असल्या ट्रॅफिकमध्ये मोठा डिझेल पिकअप लिटरला 11 किलोमीटर देईल असं मानलं, तर वर्षाला 82 हजारांचं इंधन. छोटा सीएनजी टेम्पो किलोला 15 देईल असं मानलं, तर 53 हजार. फरक 29 हजारांचा. छोट्या गाडीमुळे सीझनचे दहा आठवडे वाशीची एकेक खेप वाढली, तरी इंधनाचा खर्च पावणेतीन हजारच वाढतो. भाव बदलले तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

सीएनजीच्या अडचणीही मांडल्या. सिलिंडरचं वजन, दर तीन वर्षांनी त्याची तपासणी, पंपावरची रांग. मामांनी लगेच टोला हाणला, "नोव्हेंबरात गॅस बंद पडला तेव्हा टॅक्सीवाले काय करत होते?" मुद्दा बरोबर होता. नोव्हेंबर 2025 मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबईत पंपांवर रांगा लागल्या. पण वर्षातल्या अशा दोन-तीन दिवसांसाठी उरलेलं वर्ष वर्कशॉपच्या भीतीत काढायचं का?

इलेक्ट्रिकचाही विचार केला. ताशी 8 च्या वेगाला खरं तर तीच गाडी सगळ्यात योग्य. पण मामा राहतात तिसऱ्या मजल्यावर, गाडी गल्लीत, आणि आज इथे तर उद्या तिथे. "वायर गॅलरीतून खाली सोडू का?" मामींनी विचारलं. चार्जिंगची सोय झाली तर पुढची गाडी तीच.

एक मुद्दा भविष्याचा. गाडी दहा-बारा वर्षांसाठी घेतली जाते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, असा प्रश्न केला आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. पुढे काहीही ठरो, या शहरात डिझेलची वाट रुंद होणार नाही, एवढं यातून समजतं.

मग काय झालं?

मामांनी टोकन परत मागितलं. पूर्ण मिळालं नाही, तीन हजार बुडाले. ते मी माझ्या पहिल्या पगारातून देईन असं म्हटल्यावर मामा म्हणाले, "आधी पास हो." फेब्रुवारीत छोटा सीएनजी टेम्पो आला. "गाडीला आवाजच नाही रे, चालू आहे की बंद तेच कळत नाही," ही त्यांची एकमेव तक्रार आहे.

हॉस्टेलवरच्या मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ऊस, कांदा, दूध, द्राक्षं वाहणारी गाडी आहे किंवा घ्यायची आहे. माझं उत्तर उचलून घरी फोन करू नका. तुमच्या गावाहून बाजारपेठ साठ किलोमीटरवर असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर डिझेलच तुमच्या कामाचं असू शकतं. फक्त चार प्रश्न विचारा. रोज किती किलोमीटर? सलग वीस मिनिटं पळते का? माल काट्यावर खरोखर किती भरतो? रात्री गाडी कुठे उभी राहते, आणि कुणाच्या खिडकीखाली? उत्तरं वहीत लिहा, अंदाजाने नको. आठवडाभर गाडीत बसावं लागेल. सुट्टीत आपल्याला दुसरं काम तरी काय असतं?