वाढत्या वयाची राखण

पन्हाळगडावर येणारा पाहुणा सहसा अंधारबाव पाहिल्यावांचून परत जात नाहीं. काळ्या दगडाची ही तीन मजली इमारत बाहेरून एखाद्या गढीसारखी दिसते. परंतु तिच्या तळाशीं विहीर आहे. वेढ्याच्या काळीं शत्रु पाण्यांत विष कालवील, हें भय ओळखून जुन्या लोकांनीं त्या पाण्याभोंवतीं भिंती उभ्या केल्या. विष पडल्यावर उतारा शोधण्यापेक्षां तें पडूंच न देणें बरें, हें ते जाणत होते. मुलींच्या आयुष्यांतील एका काळाविषयीं आम्हांस आज हेंच सांगावयाचें आहे.

सामान्यतः आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान मुलगी वयांत येऊं लागते. तिची उंची झपाट्यानें वाढते, हाडें भरतात, फुप्फुसें मोठीं होतात, स्तनांची घडण सुरू होते व पुढें मासिक पाळी येते. हें सर्व घडत असतां शरीरांतील पेशी भराभर वाढत व विभागत असतात. ओल्या मातीवर उठलेला ठसा मडकें भाजल्यावरहि राहतो. त्याप्रमाणें ह्या वयांत शरीरास लागलेल्या कांहीं गोष्टींची खूण पुढें अनेक वर्षें राहते.

ही केवळ कल्पना नव्हे. सन १९४५ च्या ऑगस्ट महिन्यांत हिरोशिमा व नागासाकी ह्या शहरांवर अणुबाँब पडले. त्यांतून वांचलेल्या लोकांची पाहणी सन १९५० पासून अनेक दशकें झाली आहे. त्या वेळीं ज्या मुली वयांत येत होत्या, त्यांच्यांत पुढें स्तनाच्या कर्करोगाचा धोका विशेष वाढलेला दिसला. पोक्त स्त्रियांत तो पुष्कळच कमी होता. अमेरिकेंतील ओकलंड भागांत सन १९५९ ते १९६७ ह्या काळांत बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. त्यांवरून सन २००७ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, डी. डी. टी. सर्रास वापरांत आलें तेव्हां ज्या चौदा वर्षांच्या आंतील होत्या व ज्यांच्या रक्तांत तें अधिक होतें, त्यांना पन्नाशीपूर्वीं हा रोग होण्याचा धोका सुमारें पांचपट होता. त्या वेळीं ज्या मोठ्या होत्या, त्यांच्यांत तशी वाढ दिसली नाहीं. ह्याच औषधानें हिवतापापासून असंख्य लोकांचे प्राण वांचविले, हेंहि खरें आहे. वस्तु एकच, पण कोणत्या वयांत ती अंगास लागते, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं, "आतां मोठी झालीस, चुलीजवळ बैस," असें आपण म्हणतों. उसाच्या रानांत भांगलणीला तिला नेतों. फवारणीच्या दिवशींहि नेतों. आजीच्या डबींतली मिश्री दांतांस लावावयास ती ह्याच सुमारास शिकते. म्हणजे शरीर ज्या काळीं अतिशय कोंवळें, नेमक्या त्याच काळीं आम्ही तिला धूर, औषध आणि तंबाखू ह्यांच्या स्वाधीन करितों! ह्यांत कोणाची दुष्टता नाहीं, रीत आहे. पण रीत तपासून पाहण्यास हरकत नसावी.

पालकांस आमची विनंति आहे. ज्या घरीं अजून लांकडें किंवा शेणी जळतात, तेथें धुराला वर वाट करून द्यावी, व गॅस घरीं असेल तर तो पाहुण्यांपुरता राखूं नये. फवारलेल्या रानांत मुलींना लगेच पाठवूं नये, औषधाचा रिकामा डबा पाण्यास किंवा धान्यास घेऊं नये, व फवारणीचे कपडे निराळे धुवावेत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती घरांतून काढून टाकावी. ताटांत नाचणी असावी. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, आणि हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आंतच सांठते.

विद्यार्थिनींनो, हें वाचून भिऊं नका. धोका वाढणें म्हणजे रोग होणें नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियांत दहा ते अठरा वर्षांच्या मुलांमुलींची पाहणी झाली, तेव्हां अशुद्ध हवेंत वाढलेल्यांचीं फुप्फुसें कमी वाढलेलीं आढळलीं. हें सन २००४ मध्यें प्रसिद्ध झालें. मात्र पुढें तेथील हवा सुधारली आणि मागाहून आलेल्या मुलांचीं फुप्फुसें अधिक चांगलीं वाढलीं, असें सन २०१५ मध्यें दिसून आलें. सुधारणेचें फळ एका पिढीच्या आंत मिळालें.

पाळी आली, अंगांत बदल झाला, कीं मुली गप्प होतात व वडील माणसेंहि गप्प राहतात. हा संकोच आधीं दूर व्हावा. आईनें लेकीशीं मोकळेपणानें बोलावें, बापानें चुलीचा धूर आपल्याहि डोळ्यांनीं पाहावा. गडावरील पाण्यासाठीं एवढा दगड रचला गेला. घरांतील लेकीसाठीं एवढी काळजी आम्ही सहज घेऊं शकूं.