खिडकीतली टोमॅटोची रोपे माना का टाकतात?

2023 च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा आपल्या बहुतेक घरांच्या ताटातून तो नाहीसा झाला. आमच्याही घरातून गेला. आमटीला आंबटपणा चिंचेनेही येतो, पण कच्च्या टोमॅटोत असते तेवढे ‘क’ जीवनसत्त्व चिंचेत नसते. डाळ, बाजरी, पालेभाजी यांतले लोह अंगी लागायला त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यामुळे भाकरीसोबतची टोमॅटोची कोशिंबीर ही चैन समजू नका. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. कोशिंबीर हा त्यांना पर्याय नाही.

म्हणून आम्ही घरीच बी टाकले. आठवड्यात हिरवे कोंब आले, पोरे खूश झाली. पुढच्या चार दिवसांत सगळी रोपे आडवी झाली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “नजर लागली.” खाली वाकून पाहिले तर मातीलगत देठ तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. ते बुरशीचे काम होते. आम्ही प्रेमापोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो, डबा घरात सावलीत होता आणि बीही मूठभर टाकलेले. ओल, अंधार आणि दाटी मिळाली की ही बुरशी फोफावते. बहुतेकांची रोपे इथेच जातात, मग “आपल्या हाताला यश नाही” म्हणून लोक सोडून देतात.

दुसऱ्या वेळी आम्ही असे केले. चहाच्या कागदी पेल्यांना तळाशी भोके पाडली. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू घातली. एका पेल्यात दोनच बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. कोंब दिसताच पेले उन्हात ठेवले आणि वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी घातले नाही. सावलीतली रोपे उजेडासाठी लांब, पांढुरकी आणि लुकडी होतात. त्यांना खत घालून उपयोग नाही, ऊनच लागते.

बी पुसा रुबी, अर्का विकास किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री यांपैकी घ्यावे. घरच्या पिकलेल्या गावठी टोमॅटोचेही चालते. गर दोन दिवस पाण्यात आंबवावा, बी धुऊन ताटलीत सावलीत वाळवावे. बाजारातल्या संकरित टोमॅटोच्या बियांतून आईसारखेच फळ येईल याचा भरवसा नाही. पेरणीला सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. कडक उन्हाळ्यात फुले गळतात.

साधारण महिन्याने, चार-पाच पाने आली की रोप मोठ्या डब्यात लावावे. तेलाचा 15 लिटरचा डबा चांगला, तळाला भोके हवीत. रसायनाचा, फवारणीच्या औषधाचा किंवा रंगाचा डबा घेऊ नये. गटाराकाठची आणि भंगार दुकानाजवळची माती तर मुळीच नको, तिच्यात शिसे असू शकते. रोप खालच्या पानांपर्यंत खोल पुरावे. मातीत गेलेल्या देठालाही मुळे फुटतात. डबा पत्र्यावर ठेवणार असाल तर खाली दोन विटा घाला, नाहीतर दुपारी मुळे भाजतात. दिवसाचे सहा तास ऊन मिळेल अशीच जागा निवडा.

आपल्याकडे नळ कधी रोज येतो, कधी दिवसाआड. झाडाला एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल असे झाले की फळाचा बूड काळा पडतो. तो रोग पसरत नाही, पाणी नियमित झाले की पुढची फळे नीट येतात. म्हणून झाडाच्या वाट्याचे पाणी बाजूला झाकून ठेवावे. तांदूळ धुतलेले चालेल, साबणाचे नको. डब्याखालची ताटली मात्र आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून घ्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. टोमॅटोपायी घरात ताप आणायचा नाही.

आणखी एक. तंबाखू मळलेल्या किंवा मशेरी लावलेल्या हाताने रोपाला शिवू नका. तंबाखूतला विषाणू टोमॅटोला लागतो, पाने चितकबरी होतात आणि त्यावर औषध नाही. आमच्या घरच्या तंबाखूवाल्यांना आता झाडाजवळ जायचे तर आधी साबणाने हात धुवावे लागतात. तंबाखू सुटली नाही अजून, पण हात धुण्याची सवय लागली.

फुले आली की सकाळी फांदी हलक्या हाताने हलवावी, पराग पडून फळ धरते. मोठ्या डब्यात लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत पहिला टोमॅटो लाल होतो. तो कच्चाच चिरावा, वर लिंबू पिळले तर आणखी चांगले, आणि चहा जेवणानंतर तासभर थांबून घ्यावा, कारण चहा लोह शोषू देत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच टोमॅटो खावा.