गर्भिणीतील जीर्ण रक्तातिसार : चालू औषध थांबवावे काय?

सिंदेवाही परिसरात शौचावाटे रक्त व आव पडणारी गर्भिणी पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येते. कारण बहुधा जिवाणूजन्य वा अमिबाजन्य प्रवाहिका असते. परंतु काही स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीच अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स व्याधीचे निदान होऊन औषधे सुरू असतात. अशा रुग्णेबाबत आपली जबाबदारी काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

रुग्णवृत्त : वय 26, प्रथम गर्भिणी, तिसरा मास. कोलायटिससाठी मेसालाझिन सुरू होते. ‘गर्भावर परिणाम होईल’ या भीतीने घरच्यांनी ते बंद केले व ‘आयुर्वेदिक निर्धोक असते’ म्हणून तिला प्रस्तुत लेखकाकडे आणले. लेखकाने कुटजघन वटी दिली. शौचाचे वेग कमी झाल्यावर समाधान मानले आणि मूळ औषध पुन्हा सुरू करण्याविषयी आग्रह धरला नाही. पाचव्या मासी रक्तस्राव वाढला, हिमोग्लोबिन 7 वर आले. नागपूर येथे दाखल करून स्टिरॉइड द्यावे लागले. प्रसूती वेळेपूर्वी झाली. बालक कमी वजनाचे, पण सुखरूप आहे. ही चूक औषधाची नव्हे, वैद्याची होती.

विवेचन : या व्याधीत गर्भाला खरा धोका बहुतांशी औषधापेक्षा उफाळलेल्या व्याधीचा असतो. गर्भधारणेच्या वेळी व्याधी शांत असेल तर बहुतेक स्त्रियांत तो शांतच राहतो. उग्र असेल तर सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत उग्रच राहतो किंवा वाढतो. गर्भपात, अकाल प्रसूती व अल्पभार बालक यांचे प्रमाण त्यामुळे वाढते.

मेसालाझिन व सल्फासालाझिन गर्भावस्थेत चालू ठेवतात. सल्फासालाझिनसोबत फॉलिक आम्लाची मात्रा वाढवावी लागते. पूर्वीपासून सुरू असलेले अॅझाथायोप्रीन तसेच इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शनेही तज्ज्ञ सामान्यतः चालू ठेवतात. मात्र ही इंजेक्शने घेतलेल्या मातेच्या बालकास बीसीजी, तोंडावाटे पोलिओ व रोटाव्हायरस या जिवंत लसी जन्मतःच न देता किमान 6 महिने पुढे ढकलाव्या लागतात. ही माहिती प्रसूतिगृहास आधीच कळवावी. स्टिरॉइड एकाएकी बंद करणे घातक होय. मेथोट्रेक्सेट पूर्णतः वर्ज्य आहे. ते गर्भधारणेपूर्वी किमान 3 ते 6 महिने थांबवावे लागते. टोफासिटिनिबही टाळतात.

आपली औषधे : रसपर्पटी व पंचामृत पर्पटीत पारद असतो, कर्पूररसात हिंगूळ व अहिफेन, जातिफलादि चूर्णात भांग. ग्रहणी-अतिसारात ही आपली नित्याची औषधे असली तरी गर्भिणीस देऊ नयेत. 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या 6 गर्भवतींच्या शरीरात शिशाची विषबाधा आढळली होती. कुडा आपल्या जंगलात मुबलक आहे, म्हणून त्याची साल आहार ठरत नाही. तीत कोनेसिनसारखी तीव्र अल्कलॉइडे आहेत.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीस काठोकाठ तेल भरलेल्या पात्राप्रमाणे, धक्का न लागू देता सांभाळावे, असे सांगितले आहे. वमन, विरेचन, रक्तमोक्षण निषिद्ध असून बस्तीही आत्ययिक अवस्थेखेरीज नको. त्यामुळे रक्तातिसारातील पिच्छाबस्तीचा मोहही आवरावा.

कार्यपद्धती :
1. प्रत्येक गर्भिणीस सुरू असलेली व बंद केलेली, अशी दोन्ही औषधे विचारावीत, वेष्टने पाहावीत.
2. भीतीने बंद केलेले मेसालाझिन मूळ तज्ज्ञाशी त्याच दिवशी बोलून पुन्हा सुरू करवावे.
3. निदान नसल्यास शौचपरीक्षण करवावे. आंत्रक्षय क्रोन्ससारखाच भासतो, हे ध्यानात ठेवावे.
4. पांडुता असल्यास सिकलसेलचीही तपासणी करवावी.
5. दिवसातून 6 वा अधिक रक्तयुक्त वेग, ज्वर, नाडीची गती 90 वर किंवा पोटफुगी असल्यास विलंब न करता पाठवावे.
6. व्याधी शांत असता दर महिन्याच्या 9 तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीस धाडावे.
7. आपल्याकडून भाताच्या लाह्यांची पेज, ताजे ताक, डाळिंब, विश्रांती व धीर द्यावा.

निष्कर्ष : अशा गर्भिणीस नवे औषध देण्यापेक्षा तिचे योग्य औषध सुटू न देणे, हीच येथे वैद्याची प्रथम चिकित्सा होय.