वीज कंपनीचा वार्षिक हिशेब : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातून एक अभ्यास

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनसंपन्न जिल्हे वीज-व्यवसायाच्या अभ्यासकाला मोठा धडा देतात. चंद्रपूरजवळ ऊर्जानगर येथे महानिर्मिती कंपनीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. १९८३ ते १९८६ या काळात तेथे २१० मेगावॉटचे चार संच उभे राहिले. १९९७ पर्यंत ५०० मेगावॉटचे तीन व २०१६ मध्ये आणखी दोन संच कार्यान्वित झाले. पहिले दोन जुने संच निवृत्त केल्यानंतर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट राहिली. भोवतालच्या खाणींतील कोळसा आणि इरई धरणाचे पाणी या बळावर निर्माण होणारी वीज राज्याच्या पश्चिम टोकापर्यंत जाते. त्यासाठी १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची व १,५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश विद्युतप्रवाह वाहिनी सुरू झाली.

याच प्रदेशात, भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर दिवा लावावयाचा झाल्यास मात्र खर्चाचे गणित अगदी निराळे होते. वीज जवळ निर्माण होते म्हणून ती जवळच्याला स्वस्तात पोचते, असा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत खरा आहे हे समजण्यासाठी वीज कंपनीचा वर्षाचा हिशेब वाचता आला पाहिजे. लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांना तो वाचता येणे आज अगत्याचे झाले आहे.

मंडळाकडून कंपन्यांकडे

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी, १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्यान्वये झाली. निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे एकाच मंडळाकडे होती आणि एकाच हिशेबात मिसळलेली होती. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या आणि एक सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. ऊर्जानगरचे केंद्र महानिर्मितीकडे आले, तर गावातील रोहित्र, खांब, मीटर आणि देयक यांची जबाबदारी महावितरणच्या चंद्रपूर परिमंडळाकडे आली. चंद्रपूर व गडचिरोली ही या परिमंडळाची दोन मंडले होत.

या रचनेमुळे पहिला गैरसमज दूर होतो. महावितरण ही वीज विकत घेऊन विकणारी संस्था आहे. ती राज्यभरासाठी वीज खरेदी करते व तिचे दर सर्व परिमंडळांत एकच असतात. ग्राहकाचे घर वीज केंद्राच्या धुराड्यापासून दहा किलोमीटरवर आहे की आठशे किलोमीटरवर, यावर त्याचा दर अवलंबून नसतो.

हिशेबाच्या दोन बाजू

वितरण कंपनीच्या खर्चात वीज खरेदीचा वाटा सर्वांत मोठा असतो. साधारणतः तीन-चतुर्थांशाच्या आसपास रक्कम त्यातच जाते. या खरेदीचेही दोन भाग असतात. पहिला भाग स्थिर आकाराचा. वीज घेतली किंवा न घेतली, तरी करारानुसार तो द्यावाच लागतो. दुसरा भाग इंधनाचा, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांचा. यानंतर पारेषणाचे शुल्क, कर्मचाऱ्यांचे वेतन, वाहिन्यांची देखभाल, कर्जावरील व्याज, घसारा आणि भागभांडवलावरील परतावा या बाबी येतात. या सर्वांची बेरीज म्हणजे वार्षिक महसुली गरज होय.

दुसऱ्या बाजूस ग्राहकांच्या देयकांतून मिळणारा महसूल आणि शासनाचे अनुदान असते. दोन्ही बाजूंचा मेळ घालून दर ठरविण्याचे काम १९९९ पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. कंपनीची याचिका प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात व जाहीर सुनावणी होते. घरगुती देयकावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ज्या ओळी छापलेल्या असतात, त्यांपैकी वीज शुल्क हा शासनाचा कर होय. उरलेल्या आकारांत वर सांगितलेल्या खर्चाचेच प्रतिबिंब असते.

लांब वाहिनीचे गणित

आता वनप्रदेशाकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनक्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १०,७२,९४२ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. त्या वेळी राज्याची सरासरी घनता ३६५ होती.

विजेच्या हिशेबात या आकड्याला फार महत्त्व आहे. समजा, दहा किलोमीटर लांबीची एक वाहिनी शहरातील ४,००० घरांना वीज पुरविते आणि प्रत्येक घर महिन्याला १५० युनिट वापरते. वर्षाची विक्री ७२ लाख युनिट झाली. तेवढ्याच लांबीची दुसरी वाहिनी जंगलातून ४० घरांच्या वस्तीला जाते आणि प्रत्येक घर महिन्याला ५० युनिट वापरते. वर्षाची विक्री २४,००० युनिट झाली. खांब, तार व उभारणीचा खर्च दोन्हीकडे सारखाच धरला, तरी दुसऱ्या वाहिनीवर दर युनिटमागे पडणारा भार तीनशे पट होतो. प्रत्यक्षात जंगलातील देखभाल अधिक अवघड असते. वादळात झाडे तारांवर कोसळतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि लाइनमनला बिघाडाच्या जागी पोचण्यासच विलंब लागतो.

यात तांत्रिक हानीची भर पडते. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तीच वीज ११ ऐवजी ३३ किलोव्होल्ट दाबाने नेली, तर प्रवाह एक-तृतीयांश आणि त्याच तारेतील हानी एक-नवमांश होते. पडघ्याच्या वाहिनीचा दाब एवढा मोठा ठेवण्यामागे हेच कारण आहे. विखुरलेल्या पाड्यांना लांबलचक लघुदाब वाहिनीने जोडले, तर टोकाच्या घरी दिवा मंद जळतो आणि हानीही वाढते. म्हणून उच्चदाब वाहिनी वस्तीपर्यंत नेऊन तेथे लहान रोहित्र बसविणे श्रेयस्कर ठरते.

हा खर्च त्या चाळीस घरांकडून वसूल होणे शक्य नाही. तो तीन मार्गांनी भागविला जातो. उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरांतून, म्हणजे क्रॉस सबसिडीतून, काही भार उचलला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट व कागद उद्योगांसारखे मोठे ग्राहक म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. दुसरा मार्ग शासनाच्या अनुदानाचा. २००३ च्या कायद्याच्या कलम ६५ नुसार, शासनाला एखाद्या वर्गास सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. तिसरा मार्ग भांडवली अनुदानाचा. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना ही त्याची उदाहरणे होत. अनुदानातून उभ्या राहिलेल्या वाहिनीवरील व्याज व घसारा यांचा बोजा वीजदरावर टाकला जात नाही.

तोट्याचे दोन प्रकार

येथेच या विषयाचे मर्म आहे. वीज कंपनीच्या तोट्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात. एक आहे अंतराची किंमत. ती समाजाने जाणूनबुजून स्वीकारलेली असते. दुसरी आहे गळतीची किंमत. आकडे टाकून केलेली चोरी, बंद मीटर, चुकीची वाचने आणि थकबाकी यांतून ती निर्माण होते. पहिली किंमत दुसरीच्या नावाखाली नाकारली गेली, तर वनवासी वस्ती अंधारात राहते. दुसरी किंमत पहिलीच्या आड लपली, तर प्रामाणिक ग्राहक ती भरत राहतो.

हा धोका राज्याने अनुभवलेला आहे. शेतीपंपांना अश्वशक्तीवर आकारणी होत असल्याने त्यांचा वापर अंदाजानेच मांडला जाई. १९९० च्या दशकात मंडळाची वीजहानी २० टक्क्यांच्या आत दाखविली जात होती. २००० साली नियामक आयोगापुढे पहिल्या दरनिश्चितीच्या वेळी हिशेबाची छाननी झाली, तेव्हा ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. शेतीच्या नावावर मांडलेल्या युनिटांपैकी बराच भाग वस्तुतः गळतीचा होता. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. शेतकऱ्याचे देयक शून्य झाले, तरी त्याच्या वापराची खरी नोंद म्हणूनच आवश्यक आहे. अनुदानाची रक्कम त्याच नोंदीवर उभी असते.

हानी मोजण्याची रीतही ध्यानात ठेवावी. कंपनीने १०० युनिट घेतले, त्यांपैकी ८५ युनिटांची देयके दिली आणि देयकांच्या रकमेपैकी ९० टक्केच वसूल झाली, तर हाती आलेला मोबदला ७६.५ युनिटांचा. एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी २३.५ टक्के झाली.

पंचायतींनी काय पाहावे

हा हिशेब गावपातळीवरही तपासता येतो. रोहित्रावरील मीटरची नोंद आणि त्यावरील सर्व ग्राहकांच्या देयकांतील युनिटांची बेरीज यांची तुलना केली की गळती कोठे आहे हे दिसते. पथदिवे व नळपाणी योजना यांची देयके ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळी दाखवावीत. दिवसाही जळणारे पथदिवे हा गावाच्याच पैशाचा अपव्यय होय. शेताच्या कुंपणात चोरून सोडलेला वीजप्रवाह माणसांचे व वन्य प्राण्यांचे बळी घेतो, याची जाणीव ग्रामसभेने सर्वांस द्यावी.

'विद्युतीकृत गाव' या शब्दाचा अर्थही नीट तपासावा. २००४ च्या व्याख्येनुसार वस्तीत मूलभूत वाहिन्या, शाळा व पंचायत यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत ठरते. उरलेली घरे मोजण्याचे काम पंचायतीचे आहे. वाहिनी वनजमिनीवरून न्यावयाची असल्यास २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) उपयोगी पडते. प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल व हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवरून वीजवाहिनीसाठी ती जमीन मिळू शकते. असा ठराव वेळेवर करणे सर्वस्वी गावाच्या हाती आहे.

दूरच्या पाड्यावरील दिव्याची किंमत समाजाने आनंदाने द्यावी, कारण राज्याच्या दिव्यांसाठी याच प्रदेशाने आपला कोळसा, पाणी व जमीन दिली आहे. मात्र ती किंमत नेमकी किती आणि गळती किती, हे हिशेबात वेगवेगळे दिसावयास हवे. तसे ते दिसावे यासाठी रोहित्रावरील मीटरपासून आयोगाच्या सुनावणीपर्यंत प्रत्येक पायरीवर जागरूक लोकप्रतिनिधींची आवश्यकता आहे.