उलट प्रश्नाची तयारी ठेव

सालामांकाला निघालीस, फार बरं वाटलं. १२१८ साली सुरू झालेलं ते विद्यापीठ स्पेनमधलं सगळ्यांत जुनं, आणि नेब्रिखाने लिहिलेलं स्पॅनिशचं पहिलं व्याकरण १४९२ साली त्याच गावात छापलं गेलं. भाषा शिकायला याहून चांगलं गाव मला तरी माहीत नाही. पण गावाचा इतिहास तू वाचशीलच. मावशी म्हणून मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल. इतकी वर्षं स्पॅनिश शिकवताना मी बघत आलेय, परीक्षेत भरभरून मार्क मिळवणारी मुलंसुद्धा तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी गप्प होतात आणि इंग्रजीचा आसरा घेतात. त्यांना बोलता येत नसतं असं नाही. आपण क्लासमध्ये प्रश्न विचारायला शिकतो. समोरून काय येईल याचा सराव मात्र कोणी करून घेत नाही. म्हणून माझं एकच सांगणं: प्रत्येक वाक्याबरोबर त्यावर येणारा उलट प्रश्नही पाठ करून जा.

सकाळच्या नाश्त्याचंच घे. स्पेनमध्ये नाश्ता बऱ्याचदा बारमध्ये होतो. बार म्हटल्यावर आईने दचकू नये, तिथे आजीआजोबा आणि शाळकरी पोरंही येतात. काउंटरपाशी उभी राहा, 'ओला, ब्वेनोस दीआस' म्हण आणि मग 'मे पोनेस उन काफे कोन लेचे ई उना तोस्तादा?' इथवर तुला येतंच. आता समोरचा माणूस कप लावता लावता, तुझ्याकडे न बघता, मशीनच्या आवाजात विचारणार: 'ला लेचे, कालिएन्ते ओ तेम्प्लादा?' म्हणजे दूध कडक गरम हवं की कोमट. त्याचं उत्तर देतेस तोवर पुढचा: टोस्टवर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, की लोणी आणि जॅम? मग 'आल्गो मास?', आणखी काही? आणि शेवटी पैसे कार्डाने की रोख. चार साधे प्रश्न, पण अर्ध्या मिनिटात येतात. हे चार प्रश्न आधीच कानावरून गेलेले असले की तू घाबरणार नाहीस. निघायच्या आधी आठवडाभर धाकट्या भावाला काउंटरमागे उभा कर आणि त्याला हे प्रश्न भराभर विचारायला लाव. बेकरी, औषधाचं दुकान, स्टेशन, सगळ्यांचे असे ठरावीक प्रश्न असतात. मंडईत किंवा दुकानात गर्दी असली तर रांग दिसणार नाही. आत शिरताच 'किएन एस एल उल्तीमो?' असं मोठ्याने विचारायचं, म्हणजे शेवटचं कोण. कोणीतरी हात वर करेल, त्याच्यानंतर तुझा नंबर. मग पुढच्या माणसाने तेच विचारलं की हात तू वर करायचा. पहिल्याच दिवशी एका अनोळखी माणसाला स्पॅनिशमध्ये उत्तर देण्याची ही सोपी संधी आहे, सोडू नकोस.

कळलं नाही तर मान हलवू नकोस. आपली ती डावी-उजवी डुलणारी मान तिथे कोणाला उमगत नाही. तोंडाने 'सी' किंवा 'नो' म्हण. आणि काही सुटलं तर 'परदोन, मास देस्पाथिओ' म्हणून थांबव. कोणी इंग्रजीत वळला तर हसून सांग की मी शिकायला आलेय, स्पॅनिशच बोला. बहुतेकांना आनंद होतो.

उच्चारांची धास्ती घेऊ नकोस. आपल्याला 'त', 'द', 'प', 'क' जन्मजात येतात आणि स्पॅनिशला तेच हवे असतात. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे 'ट' आणि 'ड' मात्र करू नकोस. मोबाइलवरच्या ॲपने तुला 'ग्रासिआस' शिकवलं असेल; सालामांकात तू 'ग्राथिआस' ऐकशील, कारण तिथे तो उच्चार जिभेचं टोक दातांमध्ये आणून करतात. तू 'स' म्हणालीस तरी चालेल, लॅटिन अमेरिका सगळी तसंच बोलते. ऐकताना फक्त गोंधळू नकोस. ॲपवर शिकलेल्यांची खरी अडचण 'बोसोत्रोस'ची, म्हणजे अनेकांना उद्देशून म्हणायच्या 'तुम्ही'ची होते, कारण लॅटिन अमेरिकेत ते वापरत नाहीत आणि बरेच अभ्यासक्रम ते गाळूनच टाकतात. स्पेनमध्ये शिक्षिका वर्गात आली की 'सेन्ताओस', 'आब्रिद एल लिब्रो', म्हणजे बसा, पुस्तक उघडा, असंच म्हणणार. ही रूपं विमानात बसून घोटून घे.

प्रवासाचं थोडक्यात. कॉलेजचं प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता, विम्याचे कागद हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. पासपोर्ट तपासणारा मागू शकतो. माद्रिदला विमान टी-फोर-एसला लागलं तर सामानासाठी भुयारी गाडीने टी-फोरला जावं लागतं, तेव्हा बॅगा कुठे गेल्या म्हणून घाबरू नकोस. टी-फोरहूनच लोकल मिळते, ती चामार्तीन स्टेशनला नेते. तिथून सालामांकाची चांगली गाडी पावणेदोन तासांच्या आत पोचवते. प्लॅटफॉर्मचा आकडा गाडीच्या थोडा वेळ आधीच फलकावर लागतो. फलकाखाली उभी राहा, इकडेतिकडे धावू नकोस.

पत्त्यात घराचं नाव नसतं. '३ इथ्किएर्दा' म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं दार. खाली बेलच्या पट्टीवरही बहुधा नावं नसतात, मजला आणि बाजू तेवढी असते. बेल दाबलीस की आतून 'किएन?' येईल, आणि तिथे नुसतं 'मी' म्हणून चालणार नाही. 'सोय ला एस्तुदिआन्ते दे ला इन्दिआ' एवढं म्हण, दार उघडेल.

ज्या बाईंकडे राहणार आहेस त्या दोन्ही गालांना गाल लावून भेटतील. अवघडून मागे सरू नकोस, ती तिथली रीत आहे. घरात मात्र अनवाणी फिरू नकोस. आपण चपला बाहेर काढतो. तिथे अनवाणी पाय दिसला की बाई सर्दी होईल म्हणून ओरडतील. घरात घालायच्या सपाता घेऊन जा.

जेवणाचं पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट कर. 'सोय वेखेतारिआना' म्हटल्यावर समोर ट्यूना माशाचं सँडविच येऊ शकतं, कारण अनेकांच्या मनात मांस नाही म्हणजे मासे आणि हॅम चालतात. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन' असं तीनही नावं घेऊन सांग, आणि अंडं चालतं की नाही तेही. बाहेर प्रत्येक वेळी 'येवा खामोन?' विचार. सालामांका प्रांतातल्या गिखुएलोचा हॅम नावाजलेला आहे. मसुराच्या आमटीत चोरिथो सॉसेज असतं, फरसबीत हॅमचे तुकडे असतात, क्रोकेतासमध्येही बहुतेक वेळा तोच. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया तुला खूप आधार देईल.

भुकेच्या वेळा जमायला आठवडा जातो. तिथे दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. यात आळस नाही. १९४० मध्ये स्पेनने घड्याळं एक तास पुढे केली आणि ती तशीच राहिली, म्हणून सूर्य त्यांच्याकडे घड्याळापेक्षा मागे चालतो. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि साडेआठपर्यंत उजेड असतो. पिशवीत दाणे-गूळ, चिक्की ठेव, आणि दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद, रविवारी तर जवळजवळ सगळीच, हे लक्षात घेऊन पहिल्याच दिवशी साबण, दूध, पाव घेऊन टाक. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पिता येतं. घरी फोन करायचा तर वर्ग सुटल्यावर दोनला कर. इकडे साडेपाच वाजलेले असतात, आईचा चहा होत असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर आणखी एक तासाचा फरक पडेल. तिथल्या रात्री नऊला फोन केलास तर इकडे मध्यरात्र उलटलेली असेल, आणि तो फोन पाहून सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकेल.

आता नावाची गोष्ट, ही नीट ऐक. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुधा वडिलांचं, दुसरं आईचं. आपल्या पासपोर्टवर तुझं नाव, बाबांचं नाव, मग आडनाव. तीन शब्द बघून कारकून सहज समजतो की बाबांचं नाव हे तुझं पहिलं आडनाव आहे, आणि मग विद्यापीठाच्या यादीत, ग्रंथालयात, बँकेत तू बाबांच्या नावाने जातेस. फॉर्मवर 'नोम्ब्रे'च्या खाली तुझं आणि बाबांचं दोन्ही लिही, 'प्रिमेर आपेयीदो'च्या खाली आडनाव, आणि 'सेगुन्दो आपेयीदो' कोरं ठेव. बोट ठेवून दाखव. पासपोर्टशी एक अक्षरही वेगळं पडू देऊ नकोस, कारण तुझा मुक्काम सहा महिन्यांहून जास्त आहे, म्हणजे पोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागेल. त्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती चटकन मिळत नाही. त्या खटपटीला पहिल्याच आठवड्यात लाग.

वर्गाच्या पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा असते, लेखी आणि तोंडी. आदल्या रात्री जागून घोकू नकोस. फुगवून वरच्या वर्गात गेलीस तर महिनाभर नुसती ऐकत बसशील. तोंडीत 'कुआन्दो आस येगादो?' असं विचारतील, कधी आलीस. आजच आली असशील तर तिथे 'ए येगादो ओय' म्हणतात. 'येगे ओय' ही लॅटिन अमेरिकेकडची धाटणी. एवढ्यावरून शिक्षिकेला कळतं की तू इथलं ऐकतेस.

संध्याकाळी वर्गातली मुलं भेटायचं ठरवतील आणि कोणीतरी म्हणेल, 'देबाखो देल रेलोख', घड्याळाखाली. हे घड्याळ प्लाथा मायोरमधलं. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेल्या त्या चौकात सगळं गाव घड्याळाखालीच भेटतं. मावळतीला तिथला दगड सोनेरी दिसतो. कितीही दमलीस तरी जा. वर्गातली जर्मन, कोरियन, अमेरिकन मुलं आपसात इंग्रजीवर येतील, तेव्हा तू स्पॅनिशमध्ये विचारत राहा. तुटकंच बोलतील, पण बोलतील. एक छोटी वही जवळ ठेव आणि दिवसभरात कानावर पडलेलं पण न कळलेलं, जसं ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून ठेव. सकाळी ती वही घेऊन शिक्षिकेकडे जा आणि एकेक वाचून दाखव.