यिशिंगची मातीची किटली : खरी कशी ओळखावी?

आमच्या वास्कोच्या घरातल्या शोकेसमध्ये बारा वर्षं एक किटली बसून होती. 'बसून' म्हणते, कारण तिच्यात चहा कधी झालाच नाही. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. बोट शांघायला लागली असताना त्यांनी ती घेतली. काळीभोर किटली, अंगावर उठावाची फुलांची फांदी, रेशमी अस्तराची पेटी, तळाला चौकोनी शिक्का आणि सोबत कारागिराचा फोटो असलेलं सर्टिफिकेट. "अस्सल यिशिंग आहे," मामा सांगायचे, आणि आई आल्यागेल्याला पेटी उघडून दाखवायची. मामांच्या पगारातला बराच भाग त्यात गेला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एकदा मातीच्या भांड्यांवर वर्गात बोलायचं होतं, म्हणून ती किटली खाली काढली आणि आत बोट फिरवलं. बोटाला जे लागलं त्यानं मी जरा दचकलेच. त्यानंतर या विषयावर बरंच वाचलं, जमतील तेवढ्या किटल्या हाताळल्या. मराठी मंडळाच्या मुलांनी आग्रह केला म्हणून तेच इथे मांडते आहे.

यिशिंग, आणि किटलीच का?

यिशिंग हे चीनच्या जिआंग्सू प्रांतात, थाइहू या मोठ्या सरोवराच्या पश्चिमेला आहे. तिथलं डिंगशू हे कुंभारकामाचं मुख्य गाव. तिथल्या मातीला 'झीशा' म्हणतात, म्हणजे 'जांभळी वाळू'.

पूर्वी चीनमध्ये चहाच्या वड्या करत. त्या दळून, पूड गरम पाण्यात घुसळून पीत. 1391 साली मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानं दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या वड्या बंद केल्या आणि सुटी पत्ती पाठवायला सांगितली. सुटी पत्ती पाण्यात मुरवायची तर किटली हवी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंगचुन नावाच्या एका नोकरानं देवळातल्या भिक्षूचं बघून पहिली किटली घडवली, अशी गोष्ट सांगतात. पुढे शी दाबिन या कारागिरानं लहान किटल्यांची चाल पाडली, ती आजही टिकून आहे.

या किटलीला झिलई नसते. आपला माठ कमी आचेवर भाजतात, त्यामुळे पाणी पाझरतं आणि गार होतं. यिशिंगची किटली साधारण 1100 ते 1200 अंश सेल्सियसवर भाजतात. ती पाझरत नाही, पण काचेसारखी बंदही होत नाही. मातीत थोडी छिद्रं राहतात आणि चहाचा वास त्यात मुरतो. म्हणून जाणकार एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. आपला दूध-साखर-आल्याचा चहा मात्र तिच्यात करू नये. छिद्रांत दूध गेलं की दोन दिवसांत आंबूस वास येतो. तुम्हाला तसाच चहा लागत असेल तर स्टीलचं पातेलं झिंदाबाद, पैसे वाचले!

'खरी' म्हणजे नक्की काय?

बहुतेकांची चूक इथेच होते. 'ही खरी आहे का?' हा एक प्रश्न नाही, ते तीन वेगळे प्रश्न आहेत :

1. माती खरी आहे का?
2. घडवण्याची रीत सांगितली तीच आहे का?
3. तळावरच्या शिक्क्यातलं नाव खरं आहे का?

एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून बाकीच्यांचं येत नाही. खऱ्या मातीच्या किटलीवर खोटं नाव असू शकतं. साच्यात दाबून केलेली किटलीही खऱ्या मातीची असू शकते. दुकानदार नेहमी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देतो. आपण पहिल्यापासून सुरुवात करायची.

पहिला प्रश्न : मातीचा

ही माती खडकासारखी निघते. ती उघड्यावर ठेवून झिजू देतात, मग दळतात, चाळतात आणि पाण्यात मळून मुरवतात. तिच्यात क्वार्ट्झ, अभ्रक, केओलिन आणि लोहाचं ऑक्साइड असतं. रंग मुख्यतः लोहामुळे येतो. तीन मुख्य प्रकार : झिनी (भाजल्यावर जांभळट तपकिरी), हाँगनी (विटकरी तांबडी) आणि द्वाननी (पिवळसर).

हे रंग उन्हात बघा. खऱ्या मातीत बारीक कण दिसतात, एकाच रंगात दोन-तीन छटा असतात, आणि तकाकी मंद असते. हाताला ती वाळूच्या बारीक कागदासारखी खरखरीत लागत नाही, आणि काचेसारखी गुळगुळीतही नाही. पिकलेल्या चिकूच्या सालीवरून बोट फिरवून बघा, त्याच्या जवळपास जाणारा स्पर्श आहे.

भडक हिरवा, निळा, एकसारखा काळाकुट्ट रंग दिसला तर सावध व्हा. मातीत कोबाल्ट किंवा मँगनीजची ऑक्साइडं मिसळून रंग आणता येतो. कारागीर पूर्वीही असं थोड्या प्रमाणात करत, आणि ते सांगून केलं तर फसवणूक नव्हे. पण 2010 च्या मे महिन्यात चीनच्या सरकारी दूरदर्शननंच दाखवलं, की साध्या मातीत रसायनं घालून ती अस्सल झीशा म्हणून विकली जात होती. रंगातलं काय आणि किती चहात उतरतं, हे डोळ्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून माझा नियम साधा आहे : शंका आली की ती किटली शोभेची, पिण्याची नाही.

आणखी एक. यिशिंगच्या हुआंगलाँग डोंगरातली माती सगळ्यांत नावाजलेली. तिथलं खाणकाम 2005 च्या सुमारास सरकारनं थांबवलं. जुना साठा काही कारागिरांकडे आहे, पण बाजारात 'त्याच खाणीतली' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त किटल्यांचे ढीग बघितले की गणित जुळत नाही.

दुसरा प्रश्न : हाताचा

आपला कुंभार चाकावर घडवतो. डिचोलीच्या कुंभारांचं काम बघितलेल्यांना हे सांगायला नको. यिशिंगचा अस्सल कारागीर मात्र चाक वापरत नाही. तो मातीचा गोळा लाकडी मोगरीनं थापून पोळी करतो, तिची पट्टी कापतो, ती गोल वळवून टोकं जोडतो, आणि मग बाहेरून थापट्या मारत त्या नळकांड्याला पोट आणतो. तोटी, कान आणि झाकण वेगळं करून चिकटवतो.

हा जोड आतून शोधायचा. पूर्ण हातानं केलेल्या किटलीत तो बहुधा कानाच्या बाजूला, उभ्या पुसट रेघेसारखा दिसतो. 1950 च्या दशकात कारखान्यांत प्लास्टरचे साचे आले. थापलेली माती साच्यात दाबून आकार द्यायचा आणि बाकीचं हातानं करायचं, ही 'अर्धी हाताची' रीत. ती प्रामाणिक रीत आहे, फक्त किंमतही अर्ध्या हाताचीच असावी. आत चाकावरच्या बोटांची वळणं दिसली तर किटली कदाचित दक्षिणेकडच्या चाओझोऊची असेल. तिथली तांबड्या मातीची परंपराही चांगली आहे, पण ते यिशिंग नव्हे.

सगळ्यांत स्वस्त रीत ओतीव. मातीत पाणी आणि सोडियम सिलिकेट घालून पिठल्यासारखं पातळ करतात आणि साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, भिंतीला थर बसतो, उरलेलं ओतून टाकतात. अशा किटलीची भिंत सगळीकडे सारख्याच जाडीची असते, आणि बाहेर उठाव असेल तिथे आत खळगा असतो. कारण उघड आहे : हातानं चिकटवलेल्या फुलामागे भिंत सपाट राहते, ओतलेल्या फुलामागे ती फुलाबरोबर वळते.

मामांच्या किटलीत माझ्या बोटाला हेच खळगे लागले होते. एकेका फुलामागे एकेक.

तिसरा प्रश्न : नावाचा

शिक्का तळाला, झाकणाच्या आत आणि कधी कानाखाली असतो. शिक्का कोरणं किटली घडवण्याहून कितीतरी सोपं. सर्टिफिकेट तर कागद आहे. मोठ्या नावाचा कारागीर दुसऱ्याकडून घडवून घेतो आणि फक्त शिक्का मारतो, असंही होतं.

नक्कल तशी नवीन नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत माइसेनच्या बॉटगरनं यिशिंगच्या तांबड्या किटल्या समोर ठेवून आपलं लाल भांडं तयार केलं. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा कारागीर गु जिंगझोऊ (1915-1996) तरुणपणी शांघायच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी मिंग-छिंग काळातल्या किटल्यांच्या नकला करत होता. त्या इतक्या चांगल्या होत्या, की जाणकारही चकत. 2010 साली त्याच्या स्वतःच्या नावाची एक किटली बीजिंगच्या लिलावात 1 कोटी 23 लाख युआनला गेली. आज त्याच्याच नावाचे खोटे शिक्के बाजारात आहेत. म्हणजे दोष नकलेत नाही, तिच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यात आहे.

नाव तपासायचं तर कारागिराकडे किंवा त्याच्या घरच्यांकडेच विचारता आलं पाहिजे. ते शक्य नसेल तर नावाचे पैसे देऊ नका, समोरच्या किटलीचे द्या.

पाण्याची परीक्षा

झाकणावरच्या भोकावर बोट ठेवून ओतलं तर धार थांबली पाहिजे. धार गोल, एकसंध पडावी, किटली सरळ केली की तोटीवरून थेंब ओघळू नये. झाकण फिरवताना खडखडू नये. वरून बघितलं तर तोटी, तोंड आणि कान एका रेषेत असावेत. या परीक्षा जरूर करा. पण एक लक्षात ठेवा : त्यांनी किटली चांगली घडवली की नाही ते कळतं, अस्सल आहे की नाही ते कळत नाही. ओतीव किटलीही पास होऊ शकते.

वाजवून बघण्याचंही तसंच. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवली आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. थापटणं काय सांगतं? मडकं भाजलंय की कच्चं आहे, एवढंच. माती कुठली आणि कुंभार कोण, हे थापटण्याला विचारू नये. त्यातही किटली झाकणानं जोरात वाजवू नका, कपचा उडतो.

शेवटी वास. किटलीत उकळतं पाणी घालून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी हुंगा. ओल्या मातीचा वास चालेल. रंगाचा, मेणाचा, बूटपॉलिशचा वास आला तर ठेवून द्या. नवी किटली जुनी दिसावी म्हणून खरोखरच बूटपॉलिश चोळतात.

घरी करून बघा

घरातलं कुठलंही मातीचं भांडं घ्या : माठ, कुल्हड, पणती, काहीही. शिक्का किंवा स्टिकर न बघता तीन ओळी लिहा : माती कशी आहे, भिंतीची जाडी कुठे बदलते, जोड कुठे आहे. मग स्टिकर वाचा. हा सराव झाला की दुकानात डोळे आपोआप योग्य जागी जातात.

आता मामांचं. सांगावं की नाही, यावर मी दोन महिने काढले. आई म्हणाली, "कशाला? म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नकोस." पण मामांनी नातसुनेला ती किटली वापरायला द्यायचं ठरवलं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं. त्या काळ्या रंगात काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. त्यांचं बोट धरून आतल्या खळग्यांवरून फिरवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, त्यानं पहिलं सर्टिफिकेट हातात दिलं. ते वाचण्यात मी किटली बघितलीच नाही."

किटली अजून शोकेसमध्येच आहे. पेटी आणि सर्टिफिकेट मामा परत घेऊन गेले.